माऊलीचे घरकाम : तृतीयपंथी पालकत्वाचा एक इतिहास

मराठीत मूल नपुंसकलिंगी आहे. 'ते मूल' असे आपण म्हणतो आणि त्याचे लिंग सांगण्याची घाई करत नाही. त्याच्या आईबापांना मात्र ही सवलत नाही. 'आई आली', 'बाप गेला' असे म्हणताना क्रियापदालाही लिंग चुकवता येत नाही. तरीही याच भाषेने एक शब्द या चौकटीबाहेर वापरला, तो म्हणजे 'माऊली'. व्याकरणाने स्त्रीलिंगी असलेला हा शब्द आळंदीत ज्ञानेश्वरांना उद्देशून उच्चारला जातो. पंढरीचा विठोबा 'विठाई' होतो. वारीत चालणारे स्त्री-पुरुष एकमेकांना 'माऊली' म्हणूनच हाक मारतात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांपासून चाकणच्या औद्योगिक वसाहतीपर्यंतच्या पट्ट्याला आळंदी अगदी लागून आहे. आषाढात येथील कामगार पालखीसमोर हात जोडतो, तेव्हा तो एका पुरुषाला आई म्हणत असतो आणि त्यात त्याला काहीही वावगे वाटत नाही.

या लेखात आम्हांला एक प्रश्न विचारायचा आहे. आईपण हे शरीराचे नाव की कामाचे? कामाचे असेल, तर ते काम करणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीला ते नाव आणि त्याचे अधिकार का मिळू नयेत? पारलिंगी आणि नॉन-बायनरी पालक घरकाम व बालसंगोपन कसे वाटून घेतात, ही चर्चा आपल्याकडे पाश्चात्त्य विषय म्हणून बाजूला सारली जाते. आमच्या मते हा विषय येथील आहे. त्याचा इतिहास आपल्या संतचरित्रांतून, वसाहतकालीन कायद्यांतून आणि आजच्या शाळाप्रवेशाच्या अर्जातून शोधता येतो.

प्रथम आळंदीचेच घर पाहू. संन्यास सोडून पुन्हा संसारात आलेल्या विठ्ठलपंतांची चार मुले वाळीत पडली आणि परंपरेनुसार पुढे आईवडिलांनाही मुकली. या घरात थोरला भाऊ निवृत्ती हा ज्ञानेश्वरांचा गुरू होता आणि धाकटी मुक्ता वेळप्रसंगी सर्वांची आई होत होती. कुटुंबातील नाती आणि गुरुशिष्याचे नाते येथे एकमेकांत मिसळलेले दिसते. मांड्यांची आख्यायिका सर्वपरिचित आहे. मुक्तेला मांडे भाजायला खापर मिळू नये अशी व्यवस्था विसोबाने केली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून दिली. चमत्कार बाजूला ठेवून ही कथा वाचली, तर समाजाने टाकलेल्या घराचा स्वयंपाक कसा चालतो याची ती कथा आहे. असे घर चालवताना हे काम कोणाचे, असा प्रश्न पडत नाही. ज्याच्यापाशी जे असेल ते त्याने द्यायचे असते. जनाबाईच्या नावे रूढ असलेल्या अभंगांतून तर देवच दळतो, झाडतो, शेण्या वेचतो आणि जनीची वेणी घालतो. दासीचे काम वाटून घेणारा हा देव 'विठाई' ठरतो तो त्याच्या शरीरामुळे ठरत नाही. तो करत असलेल्या कामामुळे ठरतो.

पण या रूपकावर भाळून चालणार नाही. आईपणाचा गौरव पुरुषाकडे सहज जातो. आईचे काम मात्र बाईकडेच राहते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. ही सरासरी ती कामे करणाऱ्यांपुरतीच आहे. जे पुरुष त्या दिवशी घरकामाला हातच लावत नाहीत, ते या ८८ मिनिटांत धरलेलेही नाहीत. म्हणजे माऊलीच्या परंपरेने शब्दाला मोकळीक दिली, पण चुलीला दिली नाही.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाने या विभागणीवर आपला शिक्का उमटवला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढच्या दशकात आकुर्डी, भोसरी, पिंपरी येथे मोटारी, स्कूटर आणि यंत्रांचे कारखाने आले. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली आणि नव्या शतकात चाकण हे वाहन उद्योगाचे मोठे केंद्र बनले. या साऱ्या वाढीने घराला पाळीचे वेळापत्रक दिले. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. त्याप्रमाणे डबा, आंघोळीचे पाणी, दिवसा झोपलेल्या माणसासाठी मुलांना गप्प बसवणे. कारखान्याच्या मजुरीपत्रकात या कामाची नोंद नसते, पण त्याच्याशिवाय भोंग्याच्या वेळेवर कामगार दारात उभा राहू शकत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात नोकरी करून घरी आलेल्या बाईच्या कामाला 'दुसरी पाळी' म्हटले. या पट्ट्यातल्या वाचकाला त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मात्र हॉकशील्ड यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी नवराबायकोचे घर होते. ज्या घरात नवरा आणि बायको या जागाच नाहीत, तेथे दुसरी पाळी कोण करते?

असे घर आपल्याकडे शतकानुशतके आहे. तृतीयपंथी समाजाच्या घराण्यांत गुरू आणि चेला हे मूळ नाते; त्यातून गुरुभाई, नातीचेला, गुरूचा गुरू म्हणजे आजी अशी नात्यांची उतरंड तयार होते. सेरेना नंदा यांनी १९९० च्या आणि गायत्री रेड्डी यांनी हैदराबादच्या अभ्यासावर आधारलेल्या २००५ च्या ग्रंथात या नात्यांचे तपशील दिले आहेत. रेड्डी यांनी नोंदवलेले 'दूधबेटी'चे नाते तर विशेष लक्षणीय आहे. गुरू-चेल्याच्या नात्याहून वेगळे, मायेचे असे हे नाते दुधाच्या विधीने बांधले जाते. जन्म न देता आई होण्याची ही रीत त्या समाजाने स्वतःच घडवली.

या घरात कामाची वाटणी लिंगावरून होत नाही, ती ज्येष्ठतेवरून होते. नवा चेला झाडलोट करतो, स्वयंपाक करतो, भांडी घासतो, गुरूचे कपडे धुतो आणि मिळकतीचा वाटा गुरूच्या हाती ठेवतो. गुरू आसरा देतो, रीत शिकवतो, बाहेरच्या जगापासून राखण करतो. चेला आजारी पडला तर त्याची शुश्रूषा घरातच होते, आणि गुरू म्हातारा झाला की त्याचे सारे चेल्यांनी करायचे असते. वरवर पाहता येथे घरकाम 'बाईचे' राहत नाही, हा मोठा फरक आहे. पण त्याला समता म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. घर सोडून दुसऱ्या गुरूकडे जायचे तर दंड भरावा लागतो. तरुण चेल्याचे श्रम आणि त्याचे ऋण यांची गाठ सहजी सुटत नाही. सासूचे घर आणि गुरूचे घर यांत साम्य शोधणाऱ्याला ते सापडेल. लिंगाची उतरंड गेली तरी वयाची उतरंड उरते, हे या घराने आपल्याला दाखवून दिले आहे.

मराठी साहित्याने या घराच्या दारापर्यंत जायला वेळ घेतला. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांनी यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी व जोगत्यांचे जग मराठी वाचकांपुढे आणले. २००९ च्या 'जोगवा' या चित्रपटामागेही याच कादंबऱ्या आहेत. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' २०१२ मध्ये आले आणि मराठीत हे जग प्रथमपुरुषी निवेदनात बोलू लागले. या लेखनावरची आपली समीक्षा बहुतांशी देह, वेदना आणि ओळख यांभोवती फिरत राहिली. त्या घरांत भाकरी कोण थापते, तापात कोण उशाशी बसते, हे प्रश्न आपण अभ्यासक म्हणून फारसे विचारले नाहीत. देहाचे कुतूहल आपल्या अभ्यासातही शिरले, असे आम्हांला वाटते.

राज्यसंस्थेने मात्र हे घर फार पूर्वी आणि फार बारकाईने पाहिले होते. लॉरेन्स प्रेस्टन यांच्या १९८७ च्या निबंधातून मुंबई इलाख्याची हकिकत कळते. मराठी राजवटीत काही तृतीयपंथीयांना इनामे आणि भिक्षेचे हक्क मिळालेले होते, व ते गुरूकडून चेल्याकडे वारशाने जात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना हा वारसा पुढे चालू ठेवणे मान्य होईना. मराठी राज्याने जे नाते वारशापुरते तरी मानले होते, ते नव्या राज्याच्या दफ्तरातून गळू लागले.

उत्तरेत याहून कठोर पाऊल उचलले गेले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याकडे भटक्या-विमुक्तांच्या संदर्भात अभ्यासला जातो. त्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांविषयी होता, याची आठवण क्वचितच ठेवली जाते. वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब येथे लागू झालेल्या या भागाने त्यांची नोंदवही ठेवण्याची व्यवस्था केली. बायकी वेष करून सार्वजनिक ठिकाणी दिसणे व नाचणे यावर शिक्षा ठेवली. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नोंद झालेल्या व्यक्तीने सोळा वर्षांखालील मुलगा आपल्या घरात किंवा ताब्यात ठेवणे हा गुन्हा ठरवला. अशा व्यक्तीला अज्ञानाचे पालक होता येणार नाही, दानपत्र करता येणार नाही, मृत्युपत्र करता येणार नाही आणि मुलगा दत्तक घेता येणार नाही, अशी चार बंधने एकाच कलमात घातली. जेसिका हिंची यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात या अंमलबजावणीचा सविस्तर इतिहास मांडला आहे.

ही चार बंधने एकत्र वाचली की त्यांचा हेतू उघड होतो. पालकत्व, दान, मृत्युपत्र, दत्तक. कुटुंब पुढच्या पिढीत ज्या वाटांनी जाते, त्या चारही वाटा येथे बंद केल्या आहेत. वेष आणि नाच यांवरची बंदी दिसणाऱ्या गोष्टींवर होती. ही बंधने घरावर होती. मुलाला जेवू घालणे, वाढवणे, त्याच्यासाठी काही मागे ठेवणे, या आईपणाच्या कामांनाच कायद्याने गुन्हेगारीचा संशय चिकटवला. १९११ च्या नव्या कायद्यात हा भाग उरला नाही. संशय मात्र उरला. 'मुले पळवणारे' ही तृतीयपंथीयांविषयीची अफवा आजही अधूनमधून उठते आणि कधी जमावाच्या हातून मारहाणीपर्यंत जाते. या अफवेला एकेकाळी कायद्याचे पाठबळ होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर गौरी सावंत यांचे उदाहरण पाहावे. पुण्यात जन्मलेल्या, पोलीस अधिकाऱ्याच्या घरात वाढलेल्या सावंत यांनी तरुणपणी घर सोडले आणि मुंबईत 'सखी चारचौघी' या संस्थेचे काम उभे केले. एचआयव्हीने मृत्यू पावलेल्या एका देहविक्रय करणाऱ्या स्त्रीची मुलगी निराधार झाली, तेव्हा त्यांनी तिला आपल्या घरी आणून वाढवले. २०१७ मध्ये नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेल्या एका जाहिरातीतून ही मायलेकींची कथा देशभर पोहोचली. तीत सावंत यांनी स्वतःचीच भूमिका केली होती. जाहिरात औषधाची होती आणि तिचा व्यापारी हेतू कोणी नाकारणार नाही. पण तिने एक गोष्ट नेमकी पकडली होती. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ज्या मूलभूत हक्कांविषयी मुलगी वाचते, ते आपल्या आईला का नाहीत, असा तिचा प्रश्न होता. तेथे 'आई' या शब्दाचा पुरावा म्हणून कोणतेही प्रमाणपत्र पुढे केलेले नव्हते. एकत्र जेवणे, आजारपणात जवळ असणे हाच पुरावा होता.

कायद्याने यापैकी किती स्वीकारले? १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. व्यक्तीला ओळख मिळाली. कुटुंबाचे काय? २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने 'कुटुंब' म्हणजे रक्ताने, विवाहाने किंवा कायदेशीर दत्तकविधानाने जोडलेली माणसे, अशी व्याख्या केली. जन्मदात्या घराला मुलाचे संगोपन जमत नसेल, तर न्यायालयाने त्याला पुनर्वसन केंद्रात पाठवावे, अशी तरतूद तीत होती. गुरूच्या घराचा त्यात उल्लेख नव्हता. १८७१ च्या कायद्याने हे घर गुन्हेगार ठरवले होते. २०१९ च्या कायद्याने त्याची दखलच घेतली नाही. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा 'हिंदू पुरुष' आणि 'हिंदू स्त्री' याच भाषेत लिहिलेला होता. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने अविवाहित जोडप्यांना, आणि म्हणून समलिंगी व क्वीअर जोडप्यांनाही, एकत्रितपणे दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला नाही. पारलिंगी व्यक्तीला प्रचलित कायद्यांनुसार स्त्री-पुरुष विवाह करता येतो, हे मात्र पाचही न्यायमूर्तींनी मान्य केले. म्हणजे जो नवरा-बायकोच्या साच्यात बसतो, त्याला दार उघडे. जो त्या साच्यालाच नकार देतो, त्या नॉन-बायनरी व्यक्तीला बंद.

केरळमध्ये हा साचा वेगळ्या रीतीने तपासला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोळिकोड येथे जहाद या पारलिंगी पुरुषाने बाळाला जन्म दिला. त्याची जोडीदार झिया ही पारलिंगी स्त्री. जन्मदाखल्यावर जन्म देणारा जहाद 'आई' आणि झिया 'वडील' अशी नोंद झाली. दोघेही स्वतःला जे मानत होते त्याच्या बरोबर उलट. 'आई' आणि 'वडील' हे रकाने काढून केवळ 'पालक' असे लिहावे, अशी त्यांची मागणी होती आणि जून २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती मान्य केली.

महाराष्ट्राने याच सुमारास दुसरा निर्णय घेतला. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने नोंद करणे बंधनकारक झाले. आईचे काम कागदावर आणणारा हा निर्णय स्त्री चळवळीच्या दृष्टीने स्वागतार्हच आहे. पण त्यातही एक आई आणि एक वडील हीच मांडणी गृहीत आहे. ज्या मुलाला एका गुरूने आणि तिच्या दोन चेल्यांनी वाढवले, त्याच्या अर्जात रकाने कमी पडतात आणि एक रकाना रिकामाही राहतो.

साचा मोडला की काम आपोआप समान वाटले जाते काय? येथे आदर्शवादाला आवर घालावा लागतो. कार्ला फेफर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात पारलिंगी पुरुषांच्या ५० स्त्री-जोडीदारांशी बोलून घरकामाची विभागणी तपासली. स्वतःला स्त्रीवादी म्हणवणाऱ्या या स्त्रियांपैकी अनेकींच्या घरी कामाचा आणि भावनिक सांभाळाचा अधिक भार त्यांच्यावरच होता. त्याचे कारण मात्र त्या आपला स्वभाव, आपली आवड असे सांगत. पुरुषपण नव्याने स्वीकारणाऱ्यालाही रूढ पुरुषाच्या सवयी आयत्या मिळतात, आणि स्त्रीपण सिद्ध करावे लागणाऱ्या व्यक्तीला चूल सांभाळणे हाच जवळचा पुरावा वाटू शकतो. आपल्याकडे पारलिंगी स्त्रीच्या आईपणाचे कौतुक होते ते बहुधा तिच्या त्यागाचे आणि सेवेचे होते. 'खऱ्या आईपेक्षा जास्त केले' ही शाबासकी ऐकताना आम्हांला शंका येते. आई ठरण्यासाठी कोणालाही जास्त का करावे लागावे?

आता पुन्हा पिंपरी-चिंचवडकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींनी आपली नोंद 'इतर' या रकान्यात केली होती. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून आणि शहर स्वच्छतेचे नियम मोडणाऱ्यांवर कारवाई करणाऱ्या ग्रीन मार्शल पथकांत काम दिले. या निर्णयाची चर्चा प्रतिष्ठेच्या अंगाने झाली आणि ती योग्यच होती. पण त्याचा घराशी असलेला संबंधही महत्त्वाचा आहे. बधाई आणि मंगती यांवर चालणाऱ्या घरात कमाईची वेळ, कमाईचे क्षेत्र आणि कमाईचा वाटा घराणे ठरवते. ठरलेल्या तासांची नोकरी आणि स्वतःच्या नावे मिळणारा पगार आला की चेल्याचे गुरूच्या घराशी असलेले आर्थिक नाते बदलू लागते. गणवेशातल्या चेल्याने दिवसभर उभे राहून आल्यावर पुन्हा साऱ्या घराची भांडी घासायची का, हा प्रश्न तेथे उभा राहील. तोच प्रश्न या शहरातील कारखान्यांत जाणाऱ्या बायका कितीतरी वर्षे विचारत आल्या आहेत. म्हाताऱ्या गुरूचे कोण करणार, हा प्रश्नही त्याच्या मागोमाग येईल, कारण त्या घरातील म्हातारपणाची सारी तरतूद चेल्यांच्या श्रमावरच उभी आहे. ज्याने वर्षानुवर्षे हे श्रम केले, त्याला गुरूच्या आजारपणात संमतीपत्रावर सही करण्याचा किंवा तिच्या मागे तिच्या खोलीत राहण्याचा अधिकार केवळ चेला म्हणून कायदा देत नाही.

'पालक' हा शब्द या संदर्भात आम्हांला उपयोगी वाटतो. पाळणे, पोसणे, राखणे या कामांवरूनच तो झाला आहे आणि व्यवहारात तो आई, वडील, आजी, मामा अशा कोणालाही चालतो. केरळच्या न्यायालयाने जे मान्य केले, त्यासाठी मराठीला नवा शब्द घडवावा लागणार नाही. मात्र या शब्दातही एक लबाडी दडलेली आहे. शाळेच्या सूचनेत 'पालकसभा' असे लिहिलेले असते आणि सभेला बहुधा आयाच बसलेल्या असतात. लिंग पुसणारा शब्द श्रमही पुसू शकतो. म्हणून नाव बदलण्याबरोबर कामाची मोजदाद चालू ठेवावी लागेल. नवरा-बायकोच्या घरात, गुरूच्या घरात आणि जे अजून कोणत्याच नावाने ओळखले जात नाही त्या घरातही.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे यातून एक साधे काम उरते. तृतीयपंथी जीवनावरचे मराठी लेखन पुन्हा वाचताना त्यातील स्वयंपाकघरे शोधावीत. कोणी कोणाला वाढले, कोण जागे राहिले, कोणी पैसे मागे टाकले, याच्या नोंदी कराव्यात. आळंदीच्या मुक्तेला खापर नाकारणाऱ्या गावाचे नाव आपण विसरलेलो नाही. शंभर-दीडशे वर्षांनंतर आपल्या काळाविषयी कोणी लिहील, तेव्हा शाळेच्या अर्जातील रकानाही त्याला असाच आठवेल.